बंदिशीचे शब्द आधी म्हणून घ्या

मा. संपादक, स.न.वि.वि.

गेल्या रविवारी मिरजेत विद्यार्थ्यांची गायनसभा होती. सहावी-सातवीतली एक मुलगी भीमपलासी रागातली बंदिश, म्हणजे तालात बांधलेले छोटे गीत, गायली. आवाज मोकळा, सूर पक्का, समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येतानाही घाई नाही. पण मुखड्यातला, म्हणजे बंदिशीच्या सुरुवातीच्या ओळीतला, ‘जा’ ती तालाच्या दर फेरीला ‘जावई’तल्या ‘जा’सारखा म्हणत होती. बऱ्याच बंदिशी ब्रजभाषेत, म्हणजे मथुरेकडच्या हिंदीत, असतात; तिथे तो ‘जीव’मधला ज हवा. दोष त्या लेकराचा नाही, तिला कुणी सांगितलेच नसणार. मी सांगलीत २२ वर्षे गाणे शिकवते. पहिली काही वर्षे मीही मुलांना हे सांगत नव्हते, म्हणून आज लिहावेसे वाटले.

लिपी एकच असल्याने फसगत होते. ब्रज आणि मराठी दोन्ही देवनागरीत, त्यामुळे बंदिश वहीत उतरवून घेतली की ती ओळखीची वाटते आणि जीभ आपल्या वळणाने जाते. ‘चलो’तला च ‘चिमणी’चा, ‘चमचा’चा नव्हे. ‘फागुन’मधला फ दोन्ही ओठ मिटून यायला हवा. ‘ऐ’ आणि ‘औ’ तर आपण हमखास मराठीच लावतो. ‘रैन’चे ‘रइन’ होते, ‘कौन’चे ‘कऊन’. खरे तर ‘रैन’मध्ये तोंड ‘अॅ’च्या जवळ उघडते. ‘सैंया’, ‘कन्हैया’ यांत मात्र पुढे य आल्यामुळे आपला ‘अइ’च बरोबर! हे कानानेच कळते, वहीतून कळत नाही.

ख्यालात, म्हणजे रागदारीत बंदिश फुलवत गाण्याच्या प्रकारात, शब्दांना काय महत्त्व, असे जाणकारही म्हणतात. मला ते पटत नाही. विलंबित, म्हणजे संथ लयीतल्या, एकतालात सम ‘रैन’वर असेल तर गायक तो स्वर धरून थांबतो, आणि श्रोत्याला तेवढा वेळ तोच ऐकू येतो. तिथे ‘अइ’ म्हटले की एका स्वराचे दोन तुकडे पडतात. आपल्याला नाही का खटकत, बाहेरच्या कुणी अभंगात ‘काळ’ला ‘काल’ म्हटले की? अर्थच बदलतो.

आपल्या भागात तर याची जाण जास्त असायला हवी. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ग्वाल्हेरची गायकी इकडे आणली. विष्णु दिगंबर पलुसकर त्यांच्याकडे मिरजेतच शिकले आणि पुढे १९०१ साली त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. अब्दुल करीम खाँ साहेब उत्तरेतल्या किराणा (कैराना) गावचे, पण मिरजेत स्थायिक झाले. त्यांनी मराठी नाट्यपदे गायली आणि कर्नाटक संगीतातली तेलुगू कृतीसुद्धा. परक्या भाषेशी झटणे इथल्या गाण्याला नवे नाही.

तीच गोष्ट कन्नड पदांची. कन्नड हरिदास संतांची पदे, बसवण्णांसारख्या शरणांची वचने हल्ली इकडे हौसेने गातात, तीही देवनागरीत लिहून. कन्नडमध्ये ए आणि ओ ऱ्हस्वही असतात, दीर्घही, आणि आपल्या लिपीत दोन्ही सारखेच दिसतात. माझ्या एका विद्यार्थिनीची आई जतकडची, घरी कन्नड बोलणारी. एकदा तिने आम्हाला समोर बसवून ‘बेळे’ दोनदा म्हणून दाखवले. पहिला ‘बे’ आखूड म्हटला तर पीक, लांबवला तर डाळ. आम्ही सगळ्यांनी चार-पाच वेळा तिच्यामागे म्हटले, तेव्हा कुठे कानाला फरक कळला. विलंबित लयीत आखूड स्वरही लांबतोच, हे खरे. पण मूळ उच्चार माहीत असला की तो कुठे ओढायचा आणि कुठे सोडायचा, ते गाणाऱ्याला ठरवता येते.

हल्ली मी नवी बंदिश देताना पेटी उघडायच्या आधी दहा मिनिटे नुसते शब्द म्हणून घेते, अर्थासकट. सुरात घालताना मुले पुन्हा चुकतात, मग पुन्हा म्हणून घेते. शिक्षक मंडळींना विनंती, एवढे करून पाहावे. परीक्षकांनीही मुलांना बंदिश गायला सांगण्यापूर्वी ती एकदा म्हणून दाखवायला सांगावी आणि तिचे गुण वेगळे ठेवावेत. परीक्षेत आले की पालकही लक्ष घालतील.

— एक गायनशिक्षिका, विश्रामबाग, सांगली