रेझिस्टर कोणी जाळला?

काकांना सप्रेम नमस्कार,

त्या रात्री तुम्हाला फोन केला तेव्हा माझ्या लेझरच्या सर्किटमुळे खोलीभर जळका वास होता आणि माझा एकच प्रश्न होता, "तसाच दुसरा रेझिस्टर लावला तर चालेल ना?" खरं तर तो मी एकदा बदलला होता, हे तुमच्यापासून लपवलं. दुसऱ्याचाही कोळसा झाला, तेव्हा कुठे फोन उचलला. तुम्ही म्हणालात, "अगं, रेझिस्टर जळला नाही, त्याला जाळलंय. कोणी जाळलं ते शोध आधी."

सर्किट तसं बाळबोध होतं. ९ व्होल्टचा अडॅप्टर, एलएम३१७ ही करंट आवरणारी चिप, तिच्या आउटपुट आणि अ‍ॅडजस्ट या पायांमध्ये करंट ठरवणारा ५ ओहमचा रेझिस्टर आणि पुढे लाल लेझर डायोड. चिप त्या दोन पायांमध्ये सव्वा व्होल्ट राखते; सव्वा व्होल्ट भागिले पाच, म्हणजे २५० मिलिअँपिअर. कागदावर चोख! तुम्ही मात्र रेझिस्टर किती वॉटचा, हे विचारलंत. पाव वॉटचा. आणि त्यात ०.३१ वॉट जिरत होते. म्हणजे काही बिघडायच्या आधीपासूनच तो भाजत होता.

पण एवढ्याने बोर्ड काळा होत नाही, असं म्हणून तुम्ही तिथे थांबला नाहीत, त्याचे खास आभार. डायोड अजून मंद लाल दिसत होता, म्हणून मी तो जिवंत धरून चालले होते. "लेझर संपला, आता तो नुसता एलईडी," या तुमच्या वाक्यावर मला रडू आलं होतं. फोनवर कळलं असेलच.

मग तुम्ही नवा डायोड लावूच दिला नाहीत. त्याच्या जागी चार १एन४००७, म्हणजे साधे स्वस्त डायोड, एकापुढे एक आणि शेवटी १ ओहमचा रेझिस्टर. त्यावर जितके मिलिव्होल्ट तितके मिलिअँपिअर. ना किरण, ना डोळ्यांना धोका, आणि जळलंच तर किरकोळ काहीतरी. बोर्डावरचा कोळसा खरवडायला लावलात, कारण त्यातूनही करंट वाहतो. मला तो नुसती घाण वाटला होता.

मीटरवर २५० स्थिर. मला वाटलं, झालं! तुम्ही म्हणालात, आता लाकडी काडीने एकेक पाय हलकेच दाब. अ‍ॅडजस्टच्या पायाला काडी लागली आणि आकडा थेट ६०० च्या वर! सोल्डर वरून चकचकीत, आतून कच्चं. तो पाय सुटला की एलएम३१७ ला आवरणारं कुणी उरत नाही, आउटपुट सात व्होल्टच्या पुढे जातं. खऱ्या डायोडवर तेव्हा ९०० च्या आसपास करंट गेला असणार. पाव वॉटच्या बिचाऱ्यावर चार वॉट!

आता १० ओहमचे, एकेक वॉटचे दोन रेझिस्टर समांतर लावलेत आणि तो पाय नीट सोल्डर केलाय. काल अर्धा तास काडीने टोचत बसले होते, आकडा २४८ वरून हलला नाही. नवा डायोड अजून पाकिटातच आहे. लावताना त्याचे पाय बारीक तारेने एकत्र बांधून ठेवीन आणि आधी सर्किटमधला, वीज साठवणारा कपॅसिटर रिकामा करीन, लक्षात आहे.

रविवारी बोर्ड घेऊन येते. गॉगल दोन आणतेय.

तुमची,
काडीवाली