प्रश्नांची यादी घरी ठेव

चि. ईशास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालीस, कथेसाठी प्रश्नांची यादी तयार आहे, आता मैत्रिणीला एकदा गाठून बसवायचं. मी हं हं केलं खरं, पण ती यादी माझ्या डोक्यातून जाईना. तिच्या घरच्यांना देश सोडावा लागला, हाच तुझ्या कथेचा विषय; आणि तू तिच्यासमोर वही उघडून बसणार! फोनवर आपला वाद होतो, म्हणून हे पत्र.

झोरा नील हर्स्टन हे नाव तू ऐकलं असशील. अमेरिकेतली कृष्णवर्णीय लेखिका, मानववंशशास्त्र शिकलेली. १९२७ साली ती अलाबामात मोबीलजवळ राहणाऱ्या एका म्हाताऱ्याला भेटायला गेली. लोक त्याला कजो लुइस म्हणत; त्याचं मूळ नाव कोसोला. अमेरिकेत बाहेरून गुलाम आणायला १८०८ पासून बंदी होती. तरी १८६० मध्ये ‘क्लोटिल्डा’ जहाजातून शंभरावर माणसं पश्चिम आफ्रिकेतून चोरून आणली, त्यांतला हा एक. पाच वर्षांनी गुलामी संपली, पण परतीच्या प्रवासाला पैसे कुठून आणणार? मग या लोकांनी तिथेच जमिनी घेऊन स्वतःची वस्ती उभी केली, आफ्रिकाटाउन.

पहिल्या खेपेला हर्स्टनच्या हाती फारसं काही लागलं नाही. तिने लेख मात्र छापला, आणि त्यातला बराचसा मजकूर दुसऱ्या एका लेखिकेच्या आधीच्या पुस्तकातून उचललेला होता, हे हर्स्टनच्या मृत्यूनंतर उघडकीला आलं. एवढ्या ताकदीची बाई, पण समोरचा माणूस बोलेना तेव्हा तिनेही तयार मजकुराला हात घातला. यादी घेऊन जाणाऱ्याला हा मोह होतोच. रकाना रिकामा राहिलेला त्याला बघवत नाही.

पुढे ती परत गेली, आणि या वेळी काही महिने जात राहिली. कधी पीच घेऊन, कधी कलिंगड, कधी डास मारायची पावडर. मनात असेल तेव्हा कोसोला बोलायचा. नसेल तेव्हा बागेत काम आहे म्हणून तिला वाटेला लावायचा. ती निमूट जायची. एखाद्या दिवशी त्याच्याबरोबर चर्च झाडायला लागायची, एखाद्या दिवशी त्याला गाडीत घालून खाडीवर खेकडे आणायला न्यायची. त्या दिवसांत कामाचं असं काही वहीत उतरलंही नसेल. पण मला विचारशील तर पुस्तक त्याच दिवसांतून आलं.

फोटोचा प्रसंग तर मी कितीदा वाचलाय. तिने फोटो काढायचं म्हटल्यावर तो आत जाऊन ठेवणीतला सूट घालून आला, पण पायांत बूट नाहीत. आफ्रिकेत होतो तसा दिसायला हवा, म्हणाला. आणि फोटो काढायचा तो दफनभूमीत. बायको आणि सहाही मुलं त्याच्याआधी गेलेली, त्यांच्या थडग्यांमध्ये उभं राहून. आता सांग, हे यादीतल्या कुठल्या प्रश्नाचं उत्तर आहे? आपण कसं दिसायचं ते त्याने स्वतः ठरवलं, आणि तिने ते ठरवू दिलं.

मैत्रीत आणखी एक होतं, आणि ते तितकंसं सुखाचं नाही. कोसोलाच्या गावावर छापा घातला तो दाहोमी या पश्चिम आफ्रिकेतल्याच राज्याच्या राजाच्या सैन्याने. गोऱ्यांनी विकत घेतलं, पण पकडून विकणारे आफ्रिकीच होते. हर्स्टन लहानपणापासून वेगळंच ऐकत आली होती. हे तिच्या घशाखाली उतरेना, तसं तिने नंतर लिहिलंही. पण मजकुरातून ते गाळलं नाही. तुझ्या कथेत सोसणारे सगळे सज्जन आणि हाकलणारे सगळे दुर्जन असा बेत दिसतोय मला. मैत्रीण खरंच मोकळी झाली तर तो बेत बहुतेक विस्कटेल. विस्कटू दे.

१९३१ पर्यंत हस्तलिखित तयार झालं. कोसोला बोलायचा तशाच इंग्रजीत तिने त्याचं बोलणं ठेवलं होतं. एका प्रकाशकाला ते शुद्ध करून हवं होतं. ती बधली नाही. ‘बाराकून’ नावाने ते पुस्तक निघालं थेट २०१८ साली! तुझ्या मासिकाची तारीख हुकली तर आभाळ कोसळणार नाही, एवढंच यावरून घे. (तू चिडणार, माहीत आहे.)

तेव्हा यादी घरी ठेव आणि तिच्याकडे नुसती जा. ती आईला दवाखान्यात नेत असेल तर सोबत जा, सामान हलवत असेल तर खोकी उचल. तिनेही तुला विचारू दे, आपल्या घरातलं, अगदी आपल्याला सांगायला संकोच वाटेल तेसुद्धा. एकीने विचारायचं आणि दुसरीने सांगायचं, ही मुलाखत झाली. ‘हे लिहू नकोस’ असं तिने म्हटलं तर लिहू नकोस. नाव बदलून, गाव बदलूनही नाही. मग कथा लंगडी पडेल म्हणशील. पडू दे, दुसरी लिहिशील.

कच्चा खर्डा आधी तिला वाचायला दे, मग मला पाठव. शुद्धलेखन मी बघते. बाकी ती खोडेल त्यात मी बोलणार नाही.

तुझी,
आई