बाबा, तुम्ही तेव्हा ‘नाही’ म्हणालात

तीर्थरूप आई-बाबांना
शिरसाष्टांग नमस्कार.

आई, सोमवारी तू विचारत होतीस, आवाज असा का येतोय म्हणून. फोनवर बोलताना मला रडू आलं असतं, म्हणून लिहितेय.

रविवारी संत एकनाथ रंगमंदिरात ‘संगीत शारदा’ पाहिलं. संभाजीनगरच्याच हौशी मंडळींचा प्रयोग होता. गोविंद बल्लाळ देवलांचं हे नाटक १८९९ सालचं. मुलीच्या लग्नाचं वय निदान १४ असावं, असं सांगणारा सारडा कायदा आला तो १९२९ मध्ये. भुजंगनाथ हा पैसेवाला म्हातारा, आणि पैशासाठी त्याला आपली कोवळी पोर द्यायला निघालेला बाप, कांचनभट.

‘म्हातारा इतुका न’ हे पद आई, तुला पाठ आहे. शारदेच्या मैत्रिणी नवरदेवाची टिंगल करत ते गातात. पेटी-तबला रंगात आलेला, सगळं थिएटर हसतंय, ठेक्यावर टाळ्या पडतायत. मी पुढेच बसले होते. शारदा झालेली मुलगी एका कडेला परकराचा काठ बोटाला गुंडाळत होती, सोडत होती, परत गुंडाळत होती. इतकी घट्ट की बोट पांढरं पडलेलं दिसलं. मग मला हसता येईना. पुढे तिच्या दुःखाच्या पदात वरच्या सुराला तिचा आवाज चिरकला. तिनं तो झाकला नाही, तसाच लावून धरला. गाणं याहून खरं असू शकतं, असं मला वाटत नाही.

लग्न मोडतं ते दोघांचं गोत्र एक निघतं म्हणून. पोर नको म्हणते म्हणून मांडवात कुणीच थांबलेलं नसतं. हे मला फार लागलं.

बाबा, मी दहावीला असताना वर्गातल्या कितीतरी मुलींची लग्नं ऊसतोडीला जायच्या आधी उरकली. त्या आईबापांना तरी काय बोलायचं? सहा महिने कारखान्यावर जायचं, वयात आलेली पोर मागं कुणाच्या भरवशावर ठेवायची? आणि नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरतात, त्यावर उचल, म्हणजे आगाऊ पैसे. आपल्याकडेही स्थळ चालून आलं होतं. भावकी सगळी ओसरीवर बसलेली, ‘हुंडा नको म्हणतेत, अजून काय पाहिजे?’ तुम्ही सुपारी कातरत एवढंच म्हणालात, “पोरगी शिकतीय. सध्या काही बघायचं नाही.” नंतर वर्षभर काका आपल्याकडे जेवले नाहीत. तुम्ही त्याबद्दल घरात कधी शब्द काढला नाही, आणि मीही कधी तुम्हाला काही म्हणाले नाही.

आज म्हणते. बाबा, तुमच्यामुळे मी शिकले. आई, फॉर्मच्या पैशाला तू तुझी बोरमाळ गहाण टाकलीस, तेही मला माहीत आहे.

दिवाळीनंतर पुन्हा प्रयोग आहे म्हणतात. तूर काढणीच्या आधी दोघं या. केजहून सकाळची एसटी धरा, मी स्टँडवर घ्यायला येते. बाबा, गुडघ्याचं कारण सांगू नका, कडेच्या खुर्च्यांची तिकिटं काढून ठेवते.

तुमची लेक