पान उलटून बघायला शिकवणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

कृषी खात्यानं तुमची बदली केल्याचं कळलं, पण निरोपाला गाठ पडली नाही. म्हणून हे पत्र सगळ्यांदेखत लिहिते आहे. नाव घालत नाही. आमच्या शिवारात नुसतं 'मॅडम' म्हटलं तरी कोण ते कळतं.

मूग 60 ते 70 दिवसांत हाती येतो. कापूस-सोयाबीनचा पैसा दिवाळीच्या आसपास. पोळा आणि गौरी-गणपती निघतात ते मुगावर. खुरपणी आमची, शेंगांची तोडणीही आमचीच. तरी कीड-रोगाची चर्चा व्हायची ती बांधावर, पुरुषमाणसांत. तुम्ही आलात आणि तडक पिकाच्या ओळींत उतरलात, खुरपणाऱ्या बायांपाशी. "पिकात रोज तुम्ही असता, कीड आधी तुम्हालाच दिसणार," म्हणालात. मॅडम, आभार मानायचे आहेत ते मुख्यतः याचेच.

पान उलटून बघायची सवय तुम्ही लावलीत. वरून हिरवंगार पान, आणि खाली पांढऱ्या माश्या; नुसता हात लागला की भुर्रकन उडणाऱ्या. कोवळ्या पानावर पिवळे ठिपके, मग पिवळे-हिरवे चट्टे, शेवटी शेंगाही पिवळ्या आणि खुरट्या. असं झाड दिसलं की खत कमी पडलं असेल म्हणून युरिया फेकणारे गावोगावी आहेत. तुम्ही समजावलंत की हा पिवळा मोझॅक, विषाणूचा रोग. झाडाला एकदा लागला की कुठलंच औषध तो बरा करत नाही. माशी तो एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेते. म्हणून झाड दिसताक्षणी उपटून पुरायचं, पिकाच्या उंचीला पिवळे चिकट सापळे लावायचे आणि पुढच्या पेरणीला बियाणं रोग सहन करणाऱ्या वाणाचं घ्यायचं. तसलं बियाणं आमच्या बचत गटात आलं ते तुमच्या सांगण्यावरून.

एका शेतात शेंड्यांवर मावा, म्हणजे रस शोषणारे बारीक किडे, थापला होता आणि त्यात काळपट, नारिंगी ठिपक्यांची, इवल्या मगरीसारखी अळी फिरत होती. बायांनी ती चिरडायला बोटं पुढं केली. तुम्ही ती तळहातावर घेतलीत आणि म्हणालात, "हिला राहू द्या, हे ढालकिड्याचं पिल्लू आहे. बघा काय करते ते." परत शेंड्यावर सोडलीत तशी तिनं एकेक मावा धरून खायला सुरुवात केली. आम्ही सगळ्या वाकून बघत राहिलो. जहाल औषधाच्या फवाऱ्यात हे मित्रकीटक आधी मरतात आणि मग पांढरी माशी अधिकच माजते, हे त्यानंतर वेगळं पटवावं लागलं नाही.

निंबोळी अर्काचं माप आता गटात प्रत्येकीला तोंडपाठ आहे: 5 किलो वाळल्या निंबोळ्यांचा भरडा रात्रभर 10 लिटर पाण्यात, सकाळी फडक्यातून गाळायचा, 200 ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवून घालायचा आणि एकूण 100 लिटर द्रावण करायचं. फवारणी उन्हं कलल्यावर. अळी मोठी झाली की यानं भागत नाही, हेही तुम्ही स्पष्ट सांगितलंत. तेव्हा दुकानातलं औषध घ्यावं लागलं तर डब्यावर त्या पिकाचं नाव आहे का ते वाचून घ्यायचं आणि दोन-तीन औषधं मनानं एकत्र करायची नाहीत. फवारणाऱ्या माणसाच्या जिवाची काळजी तुम्ही पिकाआधी केलीत.

तुरीत कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या वासानं नर पतंग ओढून घेणारे, हेक्टरी 5. सापळ्यात सलग दोन-तीन दिवस रोज 8-10 पतंग पडू लागले तर अळी येणार म्हणून सावध व्हायचं. अळ्या दिसल्याच तर झाडाखाली पोतं अंथरून झाड हलवायचं. पडलेल्या अळ्या गोळा करायला पोरंसुद्धा हौसेनं येतात. अळ्यांना रोग लावून मारणाऱ्या विषाणूचं औषध, एचएनपीव्ही, तुम्ही संध्याकाळी मारायला लावलंत, कारण कडक उन्हात ते निकामी होतं. काही दिवसांनी शेंड्यांना उलट्या लटकलेल्या काळ्या अळ्या बघून म्हाताऱ्या माणसांनीही तुमचं नाव काढलं.

आणि घरातला भुंगा! तो कणगीत उपजत नाही, शेतात शेंगेवरच अंडी घालून आपल्यासोबत घरी येतो, हे आम्हाला नवीन होतं. मुगाच्या दाण्यावर चिकटलेला पांढरा ठिपका म्हणजे त्याचं अंडं. तेव्हापासून खायचा मूग कडक वाळवून किलोला 5 मिली गोडंतेल चोळून ठेवतो, बाकीची लगेच डाळ करतो. डाळीला भुंगा सहसा लागत नाही. बाजारात भोकं पडलेला मूग कवडीमोल जातो. आमचा नीट भावानं गेला.

पंचनामे, ऑनलाइन अर्ज, एकेका माणसाकडं कितीतरी गावं. या सगळ्यातून तुम्ही आमच्यासाठी वेळ काढलात, तोही न कंटाळता. आमच्या सगळ्यांकडून मनापासून आभार.

यंदा हरभऱ्यावर घाटे अळीसाठी सापळे आणि पक्षीथांबे आम्ही आमचे लावणार आहोत. घाटे भरताना जमलं तर एक चक्कर टाका, आणि नव्या गावातही आधी खुरपणाऱ्या बायांनाच भेटा.

आपली,
बचत गटातली एक शेतकरी
परभणी जिल्हा