‘हो’ म्हणेल त्याच दिवशी औषध द्या

मा. आरोग्यमंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

“हे लोक उपचाराला येतच नाहीत,” असे पुलाखाली आणि पडक्या इमारतींत राहून सुईने हेरॉइन घेणाऱ्यांबद्दल प्रत्येक बैठकीत ऐकू येते. मी त्यांच्यात काम करतो. हे खरे नाही, हे आपल्या कानावर घालण्यासाठी हे पत्र.

शेवटच्या डोसनंतर आठ-दहा तासांत टर्की, म्हणजे नशा न मिळाल्याने होणारा त्रास, सुरू होते. हाडे ठणकतात, उलट्या-जुलाब होतात, झोप उडते. त्यात एखादा सोबती ओव्हरडोसने गेलेला असतो, किंवा सुईच्या जागी पू झालेला असतो. मग तोच माणूस म्हणतो, “बस झालं, मला कुठंतरी घेऊन चला.” तेव्हा उपचारकेंद्रात त्याच्याकडे ओळखपत्र मागतात, नातेवाईक आणायला सांगतात आणि पुढच्या आठवड्याची तारीख देतात. संध्याकाळपर्यंत तो पुन्हा सुई घेतो. नोंद मात्र होते, ‘रुग्ण इच्छुक नाही’.

ब्युप्रेनॉर्फिन हे हेरॉइनची ओढ आणि टर्की कमी करणारे औषध टर्की सुरू झाल्यावरच द्यायचे असते. म्हणजे माणूस स्वतःहून दारात येतो, ती वेळ वैद्यकीयदृष्ट्याही योग्य असते, आणि नेमकी तीच आपण दवडतो! येल विद्यापीठाच्या डॉक्टरांनी २०१५ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात आलेल्या ज्या व्यसनग्रस्तांना फक्त उपचारकेंद्रांची माहिती देऊन पाठवले, त्यांच्यापैकी ३७ टक्के महिन्याभराने उपचारात होते. ज्यांना तिथेच ब्युप्रेनॉर्फिन सुरू केले, त्यांच्यापैकी ७८ टक्के. माणसे तशीच होती, फरक औषध कधी मिळाले याचा होता.

स्त्रियांची स्थिती याहून बिकट आहे. मूल काढून घेतील या धास्तीने कित्येकजणी दवाखान्याची पायरीच चढत नाहीत. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अहवालानुसार अमली पदार्थांचा विकार जडलेल्या अठरा स्त्रियांपैकी एकीलाच उपचार मिळतात.

म्हणून विनंती, माणूस ‘हो’ म्हणेल त्याच दिवशी पहिला डोस मिळावा, कागदपत्रे नंतर पाहता येतील. केंद्राच्या दारात पोलीस नसावेत. व्यसनातून बाहेर पडलेल्यांना पगारी नोकरीवर घ्यावे. लपलेली माणसे कुठे आहेत हे त्यांना ठाऊक असते आणि त्यांच्या शब्दावर विश्वास बसतो. आणि प्रत्येक केंद्राकडून दरमहा एक आकडा मागवावा: पहिल्यांदा आलेल्या रुग्णाला किती तासांत औषध मिळाले.

आपला नम्र,
एक क्षेत्रीय कार्यकर्ता