एका मुठीएवढं अंतर

प्रिय मित्रा,

रात्रीचे दोन वाजलेत. आत्ताच टेकडीवरून खाली आलो आणि बूटही न काढता लिहायला बसलोय. सकाळपर्यंत यातलं अर्धं विरून जाईल अशी भीती वाटते.

मी इकडे कशासाठी आलोय ते तुला ठाऊक आहे. आईच्या माघारी घर बंद पडून आहे. विकायचं, सह्या करायच्या, परत फिरायचं. पण तीन दिवस त्या खोल्यांमध्ये सामान आवरताना जीव गुदमरला. म्हणून आज रात्री एकटाच निघालो, थेट वरच्या कड्यापर्यंत.

त्या कड्यावर आपण शेकडो वेळा गेलो असू, पण दिवसाउजेडी. दिवेलागणीच्या आत घरी, हा नियम तुझ्याकडेही होता आणि माझ्याकडेही. त्यामुळे रात्री वरून आपलं गाव मी कधी पाहिलंच नव्हतं. इतकी वर्षं ते तसंच खाली पसरलेलं होतं आणि आपण एकदाही वर गेलो नाही, याची आज फार हळहळ वाटली.

सुरुवातीला नुसता लखलखाट. ओळखीचं काहीच सापडेना. मोबाइल खिशात टाकला आणि कठड्याला टेकून उभा राहिलो. डोळे अंधाराला पुरते सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात, आणि मध्येच पडदा उजळला की बरीचशी कमाई वाया जाते. मी थांबलो. घाई कसलीच नव्हती.

हळूहळू एका गावाची दोन गावं झाली, एक पांढरं आणि एक पिवळं. आपण गेल्यानंतर जे वाढलं ते सगळं पांढरं, एलईडीचं. हे दिवे ज्या निळ्या एलईडीमुळे शक्य झाले, तिच्या शोधाला 2014 मध्ये नोबेल मिळालं. आपण गाव सोडलं तेव्हा रस्त्यावर असा एकही दिवा नव्हता. मधोमध जुन्या वस्तीत मात्र काही गल्ल्या अजून सोडियमच्या पिवळ्या उजेडात होत्या. त्यांतली एक आपली. तुझी लाल सायकल आठवते? रात्री खांबाखाली ती मळकट तपकिरी दिसायची आणि तू रडकुंडीला यायचास. सोडियमच्या उजेडात पिवळाच रंग इतका वरचढ असतो की लाल रंगाला लाल दिसायला हवा तो प्रकाश पुरेसा मिळतच नाही. हे तेव्हा कुणी आपल्याला सांगितलं असतं तर!

त्या पिवळ्या गल्लीवरून तुझं घर सापडलं. कोपऱ्यावरून तिसरं, वरच्या मजल्यावर उजेड. मग नदी. म्हणजे दिवे नसलेला एक वाकडा पट्टा. आणि त्याच्या अलीकडे माझं घर जिथे असायला हवं तिथे काहीच नाही. दोन खिडक्यांच्या मध्ये एक काळी फट.

तिच्याकडे रोखून पाहिलं की ती आणखीच काळी व्हायची. नजर जराशी बाजूला नेली आणि अचानक छपराची कड दिसली, अंगणातलं झाड दिसलं. डोळ्याच्या अगदी मध्यभागी अंधारात पाहणाऱ्या पेशी नसतात, त्यामुळे अंधुक वस्तू तिरक्या नजरेनेच पकडावी लागते. वाचलेलं होतं मी हे. पण आपलंच घर असं चोरून पाहावं लागेल असं वाटलं नव्हतं रे.

मग हात लांब करून मूठ धरली. तू शाळेपासून आकड्यांचा माणूस, म्हणून सांगतो: हात पूर्ण ताणला की मूठ साधारण दहा अंश झाकते. कडा गावापासून तीनेक किलोमीटर, म्हणजे मुठीआड जेमतेम अर्धा किलोमीटर. तुझी खिडकी मुठीच्या एका बाजूला, माझी काळी फट दुसऱ्या बाजूला. बस, एवढंच! पुलाला वळसा घालून तुझ्याकडे यायला मला केवढं दूर वाटायचं. तू आजारी होतास तेव्हा आठवडाभर मी आलो नाही, ‘लांब पडतं’ म्हणून. ते आज फार लागलं.

एवढ्यात पुलावरून गाडी गेली. उजळलेल्या खिडक्यांची रांग निःशब्द सरकली, आणि पुलाचा तो धडधडाट नऊ सेकंदांनी माझ्यापर्यंत पोचला. तोवर गाडी पूल ओलांडून गेली होती. मी मोजलं, जसे आपण विजा मोजायचो.

खाली आल्यावर पहिलं काम केलं ते वरच्या खोलीतला दिवा लावण्याचं. तुझ्या बाजूच्या खिडकीतला. तो रात्रभर राहू दे. उद्या पुन्हा वर जाऊन पाहणार आहे, फट भरते का.

सह्या शुक्रवारी आहेत. मी अजून नाही म्हटलेलं नाही, पण तू आल्याशिवाय पेन हातात घेणार नाही. गुरुवारी संध्याकाळपर्यंत पोच. वर वारा बोचरा आहे, जाड काहीतरी आण. आणि मोबाइल खालीच ठेवायचा.

तुझाच,
नदीअलीकडचा