सईस, अठरा पूर्ण झाल्यावर

चि. सई,

एकाच घरात राहून पत्र कसलं लिहितेस, असं म्हणशील. पण समोर बसून बोलायला लागले की दोन-तीन वाक्यांत तुझं 'हो गं आई' येतं आणि हेडफोन कानावर चढतात. म्हणून हे तुझ्या टेबलावर ठेवतेय. सीईटीच्या पुस्तकांखाली गेलं तरी कधीतरी सापडेल.

तुला अठरा पूर्ण झाली ती नेमकी फिजिक्सच्या पेपरच्या आदल्या दिवशी. केक कापला, बाबांनी मतदानावरून एक विनोद केला, तू परत वहीत डोकं घातलंस. परवा भांडताना मात्र म्हणालीस, "दादाची मुंज केलीत थाटात, माझ्या वेळी काय केलंत?" प्रश्न रास्त आहे. मनूने ब्राह्मणाच्या मुलाला आठवं, क्षत्रियाला अकरावं, वैश्याला बारावं वर्ष नेमून दिलं आणि बाकीच्यांना, म्हणजे शूद्रांना आणि सगळ्याच बायकांना, दाराबाहेर ठेवलं. पुण्यात ज्ञानप्रबोधिनीच्या पद्धतीने मुलींच्याही मुंजी होतात, आणि तू आठ वर्षांची असताना आपल्याकडेही तो विषय निघाला होता. तू "टक्कल करणार का?" एवढंच विचारलंस, आणि आम्ही 'नाही' म्हणायच्या आत खेळायला पळालीस. विषय तिथेच राहिला.

दादाच्या मुंजीचं तुला फोटोतलंच आठवत असेल. मे महिना, एरंडवण्यातलं कार्यालय, पंखे नुसती गरम हवा ढवळत होते. मातृभोजनाला मी आणि तो शेजारी शेजारी पाटावर, पलीकडे अष्टवर्गाची मुलं. मागून सगळ्या बायका "भरव गं, शेवटचा घास" म्हणून माझा घसा दाटून आणत होत्या. त्याचं सगळं लक्ष लाडवात! गुरुजींनी बजावलं, आता आईच्या ताटात जेवायचं नाही. संध्याकाळी चकोट केलेल्या डोक्याने आला आणि माझ्याच ताटातला पापड उचलून पसार झाला. पण शाळेच्या घाईत त्याच्या मागे ताट घेऊन फिरायची माझी सवय त्या दिवसापासून सुटली. दहा वर्षांच्या घोड्याला मी तोवर भरवत होते. मुंज त्याची लागली, बदल माझ्यात झाला.

व्हान गेनेप नावाच्या अभ्यासकाने 1909 साली जगभरच्या अशा विधींवर फ्रेंचमध्ये एक पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं असं, की विधी कुठलाही असो, त्याचे टप्पे तीन: आधी मुलाला घरापासून, बालपणापासून तोडायचं, मग काही काळ धड इकडे ना तिकडे असं ठेवायचं, आणि शेवटी नव्या नात्याने परत आत घ्यायचं. पहिल्या दोन टप्प्यांत सोसायचं असतं मुलाने. तिसरा मात्र घरच्यांनी पार पाडायचा असतो, आणि घोडं बहुतेक वेळा तिथेच अडतं. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिका बघ. कॉट बेसिसवर राहणारी, एमपीएससी करणारी पंचविशीतली, तिशीला टेकलेली मुलं. गाव कधीच सुटलं, पोस्ट निघाल्याशिवाय गाव परत 'मोठा' म्हणून घ्यायला तयार नाही. निकाल लागला तर गुलाल, नाहीतर चहाच्या टपरीवर तोच मधला टप्पा. नेमाड्यांची 'कोसला' आली 1963 साली. तिचा पांडुरंग सांगवीकरही असाच, पुण्याला शिकायला आला आणि हात हलवत गावी परतला. परतला खरा, पण त्याला नव्याने आत घेणारं तिथे कुणी नव्हतं. तू ती दोनदा अर्धी टाकलीस. सीईटी झाली की एकदा पुरी वाच.

आता मुलींचं. माझ्या आजीला न्हाण आलं तेव्हा तिला मखरात बसवलं होतं. केळीचे खांब, बेगडी कागदाची झालर, रोज कुणाकडून तरी गोडधोड, ओटी, गाणी. आजी हे सांगताना खुलायची आणि मग एकदम म्हणायची, "अख्ख्या वाड्याला कळलं गं, लाज वाटून मान वर करवेना." त्या कौतुकाच्या पोटात काय होतं ते कळायला आणखी मागे जावं लागतं. लग्न आधीच झालेलं असायचं, आणि न्हाण आलं की गर्भाधान. कलकत्त्यात दहा-अकरा वर्षांची फुलमणी नवऱ्याच्या बळजबरीने मेली, त्यानंतर 1891 साली संमतिवयाचा कायदा झाला आणि मुलीचं संमतीचं वय दहावरून बारावर गेलं. बारा! त्यावरूनसुद्धा आपल्या पुण्यात रण पेटलं. सरकारने आमच्या धर्मात हात घालू नये म्हणून टिळक विरोधात, आगरकर 'सुधारका'तून कायद्याच्या बाजूने. 1929 च्या सारडा कायद्याने मुलीच्या लग्नाचं वय चौदा केलं, अठरा व्हायला 1978 उजाडलं. तुझ्या अठराव्या वर्षाला आम्ही काही केलं नाही खरं, पण ते काही न करता सहज जाऊ शकलं यासाठीही पूर्वी बरीच भांडणं झालीत.

पाळी आल्याचा सोहळा सगळीकडे मखरासारखाच असतो असं मात्र नाही. अमेरिकेतल्या नवाहो लोकांत 'किनाल्डा' करतात. चार दिवस मुलगी पूर्वेकडे धावते, दर वेळी आदल्यापेक्षा थोडी लांब. मका दळते. शेवटच्या रात्री जमिनीतल्या खड्ड्यात मक्याचा भलामोठा केक भाजला जातो, घरात रात्रभर गाणी चालतात, आणि सकाळी तो केक ती सगळ्यांना वाटते. स्वतः खात नाही. गावभर कळतं तिथेही, पण मान खाली घालून बसायची वेळ कुणावर येत नाही. आणि आपल्याच कॅम्पात झालेली तुझ्या पारशी मैत्रिणीची नवजोत आठवते? ती आणि तिचा चुलतभाऊ एकाच दिवशी, दोघांना तोच सदरा, तीच कुस्ती, म्हणजे कमरेला बांधायचा बहात्तर धाग्यांचा पवित्र दोरा. तू घरी येऊन मुंजीचं पहिल्यांदा विचारलंस ते त्या दिवशी.

सगळ्यांत मला आवडतो तो मंडेलांचा किस्सा. 1934 साली, सोळाव्या वर्षी, म्बाशे नदीकाठी त्यांची सुंता झाली. त्या क्षणी "मी पुरुष झालो" असं ओरडायचं असतं, आणि बाकीची पोरं पटकन ओरडली, आपल्याला क्षणभर उशीर झाला, याची त्यांना लाज वाटली होती. सुंतेनंतर पोरांना ज्या झोपड्यांत एकांतात ठेवतात, त्या शेवटी सामानासकट जाळतात आणि मागे वळून बघायचं नसतं. यांनी बघितलं! मग भेटी मिळाल्या, दोन कालवडी आणि चार मेंढ्या, स्वारी खुशीत. तेवढ्यात मेलिगकिली नावाचे सरदार भाषणाला उभे राहिले. ही पोरं चांगली आहेत, म्हणाले, पण आपण त्यांना पुरुष केलं हे खोटं आहे. आपल्याच देशात आपण गुलाम आहोत, ही पोरं शहरात जाऊन गोऱ्यांच्या खाणींत फुप्फुसं खोकून मरतील. मंडेला भयंकर चिडले. म्हाताऱ्याला शिक्षणाची किंमत कळत नाही, असं त्यांना वाटलं. ते शब्द आत रुजले होते हे फार उशिरा कळलं.

समारंभात खरं बोलणारा माणूस विरळा. तेव्हा मीही थोडं खरं सांगते. चीड हवं तर. तुला अठरा झाली तरी फी बाबाच भरणार आहेत. उद्या खोली भाड्याने घ्यायला गेलीस तर सोसायटीवाले दादाला जे विचारत नाहीत ते तुला विचारतील. आणि रात्री साडेदहाला जंगली महाराज रोडवरून तुझी स्कूटी निघाली की मी जागी असणार, त्याला कायदा काही करू शकत नाही.

जपानने 2022 साली सज्ञान वय विसावरून अठरावर आणलं, पण बहुतेक गावांनी जानेवारीतला सोहळा विसाव्या वर्षीच ठेवला. अठराव्या वर्षी पोरं प्रवेशपरीक्षेत गळ्यापर्यंत बुडालेली असतात ना! शहाणे लोक. तुझ्यासाठी काही करायचं ठरलं तर आपणही सीईटीनंतर बघू, आणि काय करायचं ते तूच सांग. मला सुचतंय ते तिसऱ्या टप्प्याचं, आमच्या वाट्याचं काम. तुझं बँकेचं खातं अज्ञानाचं होतं, आता नव्या सहीशिवाय चालणार नाही. केवायसीला तू एकटी जा, पासबुक तुझ्याकडे ठेव, मी एंट्र्या बघणार नाही. तुझ्या खोलीचं दार वाजवून येईन. मतदारयादीत नाव घालायचा सहा नंबरचा फॉर्म भरलास का, हे मात्र मी विचारणार, नागरिक म्हणून.

आणि हो, मावशीचा फोन होता, सई मेमधल्या लग्नाला कोल्हापूरला येणार का म्हणून. मी म्हटलं, तिलाच विचार. आज रात्री करेल ती. उचल.

तुझी,
आई